फक्त शेवटची इनिंग टाकणारा माणूस : मारियानो रिवेरा

हडसनपार

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यांवर रोजची हाणामारी चालूच आहे, म्हणून जरा वेगळा विषय काढतोय. बेसबॉल. पळू नका, नियमांचा तास घेणार नाही. लागतील तेवढेच सांगतो.

जर्सीत येऊन मला वीसेक वर्षं झाली. सुरुवातीची चार-पाच वर्षं बेसबॉल म्हणजे तीन तास शेंगा सोलत बसण्याचं निमित्त, यापलीकडे माझं मत नव्हतं. मग २००८ च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जुन्या यांकी स्टेडियमवर ओढून नेलं. त्या मैदानाचा तो शेवटचा मोसम होता. आठवी इनिंग (एकूण नऊ, एकेकीत दोन्ही संघांचे तीन-तीन बाद) संपली तेव्हा यांकीज दोन रननी पुढे. मला वाटलं, आता लोक ट्रॅफिक चुकवायला उठतील. एक माणूस उठेना. उलट खाली हॉटडॉगच्या रांगेत गेलेले लोक ट्रे सांभाळत पळत वर आले. स्पीकरवर मेटॅलिकाचं गिटार सुरू झालं, मैदानाच्या टोकाच्या भिंतीतलं दार उघडलं आणि ४२ नंबरचा एक सडपातळ माणूस खाली मान घालून हळूहळू धावत आला. घाई नाही, रुबाब नाही. रोजची ७:४२ पकडायला निघालेल्या माणसासारखा.

तीन बॅटर आले, तीन गेले. दुसरा डावखुरा होता. त्याने बॅट फिरवली आणि वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. मूठ त्याच्या हातात, उरलेली बॅट गरगरत पिचरच्या दिशेने आणि बॉल मरतुकडा सरपटत दुसऱ्या बेसकडे. सहकारी म्हणाला, "हाच बॉल. दुसरं जवळपास काही टाकतच नाही." मी विचारलं, बॅटरला माहीत असतं? म्हणाला, "अकरा वर्षं झाली, सगळ्यांना माहीत आहे."

त्या रात्री घरी येऊन वाचायला बसलो तो अजून वाचतोय.

रिवेराचा जन्म १९६९ चा, पनामातला. वाढला पुएर्तो काइमितो नावाच्या मासेमारीच्या गावात. दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह, जुनी जाळी गुंडाळून वर टेप मारलेला बॉल, असं लहानपण. बाप बोटीवर कप्तान आणि हाही शाळा सोडून बोटीवरच. एकोणिसाव्या वर्षी बोट उलटली, जीव वाचला. गावाकडच्या संघात तो मुळात पिचर नव्हताच, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) होता. एकदा पिचर मार खात होता म्हणून 'मी टाकून बघतो' म्हणाला. १९९० मध्ये यांकीजने त्याला दोन-अडीच हजार डॉलरवर घेतलं. इंग्रजी येत नव्हतं. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या साली दोन नवे संघ लीगमध्ये येणार होते आणि त्यांना इतरांकडचे मोकळे सोडलेले खेळाडू उचलायची मुभा होती. यांकीजने रिवेराला मोकळं सोडलं होतं. कोणी उचललं नाही.

मे १९९५ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध पहिला सामना. सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला, साडेतीन इनिंगही टिकला नाही, पाच रन दिले, संघ ०-१० ने हरला. महिन्याभरात पुन्हा खालच्या लीगमध्ये, कोलंबसला. इकडे जनरल मॅनेजर जीन मायकेल त्याला डेट्रॉइटला देऊन डेव्हिड वेल्सला आणायच्या खटपटीत. तेवढ्यात कोलंबसहून बातमी आली की हा मुलगा अचानक ताशी ९५ मैलांनी टाकतोय. मायकेलला वाटलं स्पीडगन बिघडली असेल. चौकशी केली, खरं निघालं. सौदा बारगळला.

तरी त्याला सुरुवातीचा पिचर व्हायचं जमलं नाही. कारकिर्दीत एकूण १० सामने त्याने सुरू केले, सगळे १९९५ चे. उरलेले १,१०५ सामने दुसऱ्याने सुरू केलेले, म्हणजे हा 'रिलीफ' पिचर. १९९६ मध्ये तो सातवी-आठवी इनिंग टाकायचा आणि नववी जॉन वेटलँड. वेटलँड टेक्सासला गेल्यावर १९९७ पासून नववी याची. पुढची सतरा वर्षं.

बाकीचं प्रतिसादांत सांगतो, नाहीतर कोणी वाचणार नाही.

फणसपोळी

वाचतेय! पण एक बेसिक शंका. पिचर म्हणजे बोलर ना? मग एकच बोलर सगळ्या ओव्हर टाकतो का? आणि 'रिलीफ' कुणाला?

हडसनपार

ताई, दमलेल्याला रिलीफ. नऊ इनिंगचा सामना. एकाने सुरुवात करायची, दमला किंवा मार खायला लागला की दुसऱ्याला आणायचं. मोठा फरक असा की काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. आपल्याकडे बुमराला दोन ओव्हर देऊन शेवटी पुन्हा आणता येतं, इथे नाही. त्यामुळे कोणाला कधी काढायचं हा कप्तानाचा, म्हणजे इथल्या मॅनेजरचा, खरा जुगार.

हे राखीव पिचर मैदानाकडेच्या 'बुलपेन' नावाच्या कोंडवाड्यात बसतात. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की उठून हात गरम करायचा. कधी बोलावतात, कधी म्हणतात बस खाली. त्यातला जो शेवटी येऊन सामना मिटवतो तो क्लोजर. संघ जास्तीत जास्त तीन रननी पुढे असताना येऊन शेवटची इनिंग नीट संपवली तर त्याच्या नावावर 'सेव्ह' लागतो. नियमाला आणखी दोन फाटे आहेत, ते सोडा. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन नावाच्या क्रीडापत्रकाराने ही कल्पना काढली, १९६९ पासून ती अधिकृत झाली. रिवेराचे सेव्ह ६५२. कोणाचेही याहून जास्त नाहीत.

फणसपोळी

म्हणजे पाहुणे येणार म्हणून तवा तापवायचा, मग फोन येतो उशीर होतोय, गॅस बंद. पुन्हा फोन, पुन्हा गॅस चालू. मला या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली आहे.

तारली_फ्राय

मी रेवदंड्याकडचा. बेसबॉल कळत नाही पण ते बोटीचं वाचून थांबलो. बाप तांडेल आणि पोरगा खलाशी, हे आमच्याकडे घरोघरी. कोणती मासळी पकडायचे?

हडसनपार

सार्डिन. म्हणजे तुमच्या आयडीतलीच!

तारली_फ्राय

तारली! मग त्या माणसाच्या खांद्याचं काही सांगू नका. ओलं जाळं ओढून बघा एकदा. आणि बापाच्या बोटीवर पोराला शिव्या सगळ्यांपेक्षा जास्त बसतात, हे पनामातही वेगळं नसणार. पन्नास हजार लोक ओरडले तरी तो खाली मान घालूनच चालणार. समुद्रात रात्री इंजिन बंद पडलं की ओरडणारा नाही, गप्प राहून पाना मागणारा लागतो.

कव्हरपॉइंट

धागा छान, पण मी थोडं विरजण घालणार, आधीच माफी.

सेव्ह हा आकडा मला फसवा वाटतो. तीन रननी पुढे, एक इनिंग बाकी. यात वाचवायचं काय? आठ इनिंगनंतर पुढे असलेला संघ शंभरातले साधारण पंच्याण्णव सामने जिंकतोच, आणि क्लोजर नावाचा पेशा जन्मायच्या आधीही जवळपास तेवढेच जिंकायचा. १९८८ च्या सुमारास ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रूसाने डेनिस एकर्सलीला नवव्या इनिंगपुरता राखून ठेवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी तीच फॅशन उचलली. त्याआधी गूस गॉसेजसारखे लोक दोन-दोन तीन-तीन इनिंग टाकायचे, तेही बेसवर माणसं उभी असताना.

दुसरं. रिवेराने १९ मोसमांत जेमतेम १,२८३ इनिंग टाकल्या. चांगला सुरुवातीचा पिचर तेवढ्या सहा-सात वर्षांत टाकतो. याला सर्वकालीन महान म्हणायचं तर उद्या वीसावी ओव्हर टाकणाऱ्याला कपिलच्या शेजारी बसवाल.

हडसनपार

कव्हरपॉइंट, सेव्हबद्दल तुमचं निम्मं मान्य. तीन रनचा सेव्ह म्हणजे आधीच्यांनी वाढलेल्या ताटावरचं वरण-तूप. क्लोजर हा बहुतेकदा फसलेला सुरुवातीचा पिचरच असतो हेही खरं, आपला हिरोही त्यातलाच.

पण सेव्ह बाजूला ठेवून फक्त ऑक्टोबर बघा. म्हणजे बाद फेरी, समोर त्या वर्षीचे सगळ्यात तगडे संघ. तिथे ९६ सामने, १४१ इनिंग. म्हणजे एखाद्या सुरुवातीच्या पिचरचा जवळपास अख्खा मोसम, तोही सगळा बाद फेरीतला. त्यात रिवेराच्या खात्यावर लागलेले रन अकरा. अकरा! दर नऊ इनिंगमागे सरासरी ०.७०. साध्या मोसमात ती २.२१ होती आणि तीही भारीच, म्हणजे दर्जा वाढला तसा हा आणखी कंजूष झाला. अमेरिकेत एक जुना विनोद आहे की चंद्रावर बारा माणसं चालून आली, पण ऑक्टोबरमध्ये रिवेराविरुद्ध स्वतःच्या जोरावर घरी पोचली (म्हणजे रन काढला) ती अकराच.

आणि तुम्ही म्हणता तसा तो नेहमी एकाच इनिंगपुरता येत नसे. बाद फेरीत कितीतरी वेळा आठव्यातच यायचा. २००३ मध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात त्याने सलग तीन इनिंग टाकल्या. अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनने होमरन मारला तेव्हा सगळा संघ बूनकडे धावला आणि हा एकटा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जाऊन पालथा पडून रडत होता.

कव्हरपॉइंट

०.७० वर बोलायची सोय नाही, हे मान्य. पण चेंडूचं सांगा. एकच चेंडू, सगळ्यांना माहीत, तरी लागत नाही. हे मला पटत नाही. मलिंगाचा यॉर्करही लोकांनी शेवटी वाचला.

हडसनपार

त्याला कटर म्हणतात. जून १९९७, डेट्रॉइट. रामिरो मेंडोझाबरोबर सामन्याआधी नुसती फेकाफेकी चालली होती. मेंडोझा वैतागला की असले वेडेवाकडे टाकू नकोस. रिवेरा म्हणाला, मी काहीच करत नाहीये, सरळच टाकतोय. पकड तीच, हात तोच, बॉल मात्र शेवटच्या क्षणी वळतोय. पिचिंग कोचबरोबर बसून तो वळण काढून टाकायचा प्रयत्नही केला काही दिवस. जाईना. मग म्हणाले, राहू दे. रिवेरा याला देवाची देणगी म्हणतो, शब्दशः. श्रद्धाळू माणूस आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर लेग-कटर, पण टप्पा न पडता, हवेतच. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. उजव्या बॅटरपासून बाहेर जातो आणि डावखुऱ्याच्या मुठीवर चढतो. गंमत अशी की वळण फार नाही, काही इंचच. मोठं वळण असतं तर बॅटरने सोडून तरी दिलं असतं. इथे बॅट फिरवायचा निर्णय होऊन गेल्यावर बॉल सरकतो. बॅटचा जाड भाग जिथे यायला हवा तिथे मुठीजवळचा बारीक भाग येतो, आणि बारीक लाकूड मोडतं. २०१३ च्या निरोपाच्या दौऱ्यात मिनेसोटा ट्विन्सने त्याला मोडक्या बॅटींची डुलती खुर्ची करून दिली होती. त्याच्यामुळे मोडलेल्यांची, अर्थात.

न लागण्याबद्दल म्हणाल तर एकाला लागायचा. सिएटलचा एडगर मार्टिनेझ, साध्या मोसमात १९ पैकी ११ हिट. बाकी बॅटर दहात तीन मारले तरी खूश असतात.

क्वीन्सकर

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी २००१ मध्ये क्वीन्सला होतो. चार मराठी पोरं, एक बेडरूम, एक टीव्ही. सप्टेंबरनंतर त्या शहरात जो वास होता तो लिहून सांगता येत नाही. कामावरून आलो की कोणी फार बोलत नसे. आमच्यातल्या कोणालाही बेसबॉल धड कळत नव्हता, पण ऑक्टोबरभर यांकीज बघितले. खाली लाँड्रीवाला, वर राहणारं पोर्टो रिकन कुटुंब, सगळे बघत होते, मग आम्हीही.

४ नोव्हेंबर. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, ॲरिझोनाविरुद्ध ॲरिझोनातच सातवा सामना. आपल्या सोरियानोने आठव्यात होमरन मारून २-१ केलं आणि रिवेरा आला. वरच्या मजल्यावर नाच सुरू झाला, छत हलत होतं. कारण बाद फेरीत हा माणूस सलग २३ सेव्ह करून आलेला. आठव्यात तिघांना स्ट्राइकआउट केलं. नववी म्हणजे औपचारिकता.

मग ॲरिझोनाच्या मार्क ग्रेसचा एक हिट. पुढच्याने बंट टाकला (बॅट न फिरवता नुसती टेकवली), बॉल थेट रिवेराकडे. त्याने वळून दुसऱ्या बेसला फेकला आणि तो भलतीकडेच गेला. मी त्याला चुकताना पहिल्यांदा बघितलं. पुढचा बंट त्याने नीट पकडून एक आउट काढला. मग वोमॅकचा डबल (दोन बेसचा हिट), २-२. काउन्सेलला बॉल लागला म्हणून फुकट बेस मिळाला, तिन्ही बेस भरले. रन वाचवायचा म्हणून आतले फील्डर पुढे उभे केले. लुईस गोन्झालेझच्या बॅटची तीच गत झाली जी सगळ्यांची होते. बॉल मुठीजवळ बसला, बॅट मोडली आणि तो मेलेला बॉल यांकीजचा शॉर्टस्टॉप जीटर याच्या डोक्यावरून जाऊन गवतावर पडला. फील्डर नेहमीच्या जागी असते तर सोपा झेल होता. सामना संपला.

वरचं छत गप्प.

पुढचं नंतर कळलं. यांकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली असती आणि एन्रिके विल्सन हा त्यांचा खेळाडू थांबला असता. हरले म्हणून तो आधीच्या विमानाने डोमिनिकन रिपब्लिकला घरी गेला. ज्या विमानाचं त्याचं मूळ तिकीट होतं ते १२ नोव्हेंबरला आमच्याच क्वीन्समध्ये, बेल हार्बरला कोसळलं. विमानातले २६० जण गेले, खालचे ५. रिवेरा पुढे म्हणाला की हरलो ते बरं झालं, माझा मित्र राहिला.

आम्ही चौघं त्या दिवशी खिडकीतून धूर बघत होतो.

फणसपोळी

काटा आला.

तारली_फ्राय

🙏

संत्रानगरी

क्वीन्सकर, फार छान लिहिलंत.

थोडं अवांतर. भारतातूनही दोघं गेले होते ना? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातली खेड्यातली पोरं, लखनौच्या क्रीडा वसतिगृहात भालाफेक करायची. २००८ मध्ये सर्वांत वेगवान फेक शोधायची टीव्हीवर स्पर्धा झाली, त्यातून निवडून कॅलिफोर्नियात पिचिंग कोच टॉम हाउसकडे प्रशिक्षण, आणि नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. आधी कधी बेसबॉलचा ग्लोव्ह हातात घातला नव्हता! खालच्या लीगमध्ये त्यांनाही रिलीफ पिचर म्हणूनच वापरलं. दिनेश २०१० मध्ये परत आला. डावखुरा रिंकू बरीच वर्षं टिकला, वरपर्यंत नाही पोचला. पुढे २०२४ पर्यंत तो कुस्तीच्या शोमध्ये वीर महान म्हणून होता. हा क्रिकेटवाला रिंकू सिंग नव्हे.

कव्हरपॉइंट

हे अवांतर नाही, हाच माझा मुद्दा आहे. रिवेरावर धागे निघतात, पण या पेशातली बहुसंख्य माणसं रिंकूसारखी. पंचवीस दिवस बुलपेनमध्ये हात गरम करायचे, सव्विसाव्या दिवशी दोन बॅटरसाठी यायचं, मार बसला की दुसऱ्या दिवशी खालच्या लीगचं तिकीट. जेसी ओरोस्को १,२५२ सामने खेळला, हा विक्रम आहे, ४६ व्या वर्षापर्यंत टाकत होता. उतारवयात तर एखाद्या डावखुऱ्या बॅटरपुरता बोलवायचे. २०२० पासून तेही गेलं. आता आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग तरी संपवायची. एका नियमाने एक अख्खी जमात संपली.

हडसनपार

हे अगदी खरं. आणि रिवेराच्या बाबतीतही दैव किती बारीक धाग्यावर होतं बघा. १९९२ मध्ये कोणी उचलला असता, १९९५ मध्ये डेट्रॉइटला गेला असता, तर हा धागा नसता.

शेवटचं थोडं राहिलंय. मे २०१२, कॅन्सस सिटी. सामन्याआधी सरावात इतरांनी मारलेले उंच झेल पकडायची त्याला हौस. पळता पळता गुडघ्याचा लिगामेंट गेला. वय ४२. सगळ्यांनी श्रद्धांजलीवजा लेख लिहून टाकले. हा पुढच्या वर्षी परत आला आणि ४३ व्या वर्षी ४४ सेव्ह केले. त्या वर्षी दर शहरात जाऊन तो तिथल्या मैदानावरच्या तिकीट खिडकीवाल्यांना, स्वयंपाक्यांना, माळ्यांना मुद्दाम भेटायचा.

२६ सप्टेंबर २०१३ ला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. यांकीज ०-४ ने मागे, म्हणजे सेव्हचा प्रश्नच नाही. चार बॅटर बाद केले. नवव्यात दोन आउट असताना पिचर बदलायला मॅनेजर येतो, त्याऐवजी जीटर आणि पेटिट चालत आले. विशीपासून खालच्या लीगमध्ये एकत्र वाढलेले तिघं. रिवेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून इतका वेळ रडला की पंचही गप्प उभे.

२०१९ मध्ये हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानाचं, मतदान झालं. ४२५ पैकी ४२५. असं त्याआधी कोणाचंच झालं नव्हतं, बेब रूथचंही नाही. आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर निवडून आला तो एडगर मार्टिनेझ. १९ पैकी ११ वाला.

फणसपोळी

😂 देवाला विनोदबुद्धी आहे.

एक राहिलंच. ४२ नंबरचं काही विशेष आहे का?

क्वीन्सकर

आहे. जॅकी रॉबिन्सनचा नंबर, मोठ्या लीगमधली वर्णबंदी १९४७ मध्ये मोडणारा. १९९७ मध्ये तो सगळ्याच संघांत निवृत्त केला, फक्त जे आधीपासून घालत होते त्यांना मुभा दिली. त्यातला शेवटचा रिवेरा. तो गेला आणि नंबरही गेला.

कव्हरपॉइंट

हडसनपार, काल रात्री १९९९ च्या वर्ल्ड सिरीजचा तुकडा शोधून काढला. अटलांटाचा क्लेस्को, डावखुरा. एकाच खेळीत तीन बॅटी मोडल्या. पहिली मोडली, दुसरी आणली, मोडली, तिसरी आणली, तीही मोडली. मी चार वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळेला डगआउटमध्ये त्यांच्याच संघातला कोणीतरी पोट धरून हसतोय.

हडसनपार

तो चिपर जोन्स. तोही अर्धा वेळ डावखुराच खेळायचा.